चौसष्ट खुर्च्यांतली एक

भिवंडीजवळच्या वळ गावात लग्नाची पंगत बसली की यजमान आचाऱ्याकडे नंतर बघतो, आधी सावळाराम तरे आलेत का ते बघतो. ते मांडवाच्या कडेला हात मागे बांधून उभे दिसले की त्याचा जीव भांड्यात पडतो. मग कुणाला पाणी मागावं लागत नाही, वाढपी एकमेकांवर आदळत नाहीत, आणि नवऱ्या मुलाचा मामा रुसायच्या बेतात असला तर त्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या पानात जिलेबी पडलेली असते. सावळाराम कुणावर ओरडत नाहीत. नुसते बघतात. ज्या वाढप्याकडे ते बघतात त्याला आपली चूक आपोआप कळते, आणि नाही कळली तर तो पुढच्या लग्नात वाढायला नसतो.

हे शहाणपण त्यांनी गावात मिळवलेलं नाही. ते आलं कुलाब्याहून, नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या एका खासगी क्लबातून. तिथे सावळारामांनी आयुष्याची अडतीस वर्षं काढली. लागले तेव्हा वीस वर्षांचे होते आणि मोरीत भांडी घासत होते. निवृत्त झाले तेव्हा जेवणघराचे मुख्य बटलर होते, आणि छातीवर पदकांची रांग असलेली माणसंसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ ठरवत नसत.

आता भिवंडीकडे क्लब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पत्त्यांचा अड्डा येतो, त्याला कोण काय करणार. सावळारामांचं लग्न त्यापायीच मोडायला आलं होतं. मुलगी अकलोलीची, रंगूबाई. तिच्या बापाला कळलं की पोरगा क्लबात कामाला आहे, आणि त्याने भर बैठकीत सांगून टाकलं, "क्लबात हाय? मंग लगीन कशाला लावता, पोरगी इहिरीत ढकला." पण म्हातारा धोरणी होता. कुणाला न सांगता तो एकटाच कुलाब्याला गेला. क्लबाच्या फाटकातून त्याला आत कोण सोडणार? सभासदाशिवाय तिथे मंत्र्यालाही पाऊल टाकता येत नसे. म्हातारा दोन तास समोरच्या झाडाखाली उभा राहिला. दुपारी एक थकलेला ॲडमिरल बाहेर आला, आणि भावी जावई त्याचा हात न धरता, पण तो अडखळला तर धरता येईल इतक्या अंतरावरून, त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत आला. गाडीत बसण्याआधी ॲडमिरल वळून त्याला काहीतरी बोलला आणि मान लववली. म्हाताऱ्याने परत येऊन हळदीची तारीख काढायला सांगितली.

त्या क्लबाच्या रीती ऐकायला गमतीच्या होत्या. डोक्यावर टोपी ठेवून कुणी आत आला की दाराजवळची पितळी घंटा वाजायची, आणि त्या दिवशी जेवढे सभासद हजर असतील तेवढ्यांना प्यायला देण्याचा भार त्या टोपीवाल्यावर पडायचा, मग तो कितीही मोठा साहेब असो. जेवताना कुणी लढाईच्या गोष्टी काढायच्या नाहीत. एकमेकांच्या हुद्द्यावरून हाक मारायची नाही. आणि क्लबातल्या वस्तूवर कुणाचं नाव, खूण, पाटी काही लावायचं नाही. जहाज सरकारचं आणि क्लब सगळ्यांचा, असं ते म्हणायचे.

सावळारामांनी आपणहून एक रीत त्यात घातली होती. क्लबात जे कानावर पडेल ते क्लबाच्या फाटकातच ठेवून यायचं. कोणाचं बढतीवरून फिसकटलं, कोणाची बायको कोणावर रुसली, कोणता साहेब चार पेग झाल्यावर आईची आठवण काढून रडतो, हे सगळं त्यांना ठाऊक होतं आणि त्यातलं एक अक्षर कधी वळ गावात पोचलं नाही. रंगूबाईंची नवऱ्याविरुद्ध एवढी एकच तक्रार. "आडतीस वर्सं साह्यबांच्यात राहिले, घरी यक गोष्ट सांगतील तर शप्पत. दुसऱ्यांचे नवरे सिनेमा बघून येतात तरी आख्खा सांगतात."

जेवणघरात सागवानी खुर्च्या होत्या चौसष्ट. सगळ्या एकाच सुताराच्या हातच्या, एकाच मापाच्या. त्यांपैकी त्रेसष्ट खुर्च्यांवर माणसं बसत. पश्चिमेच्या खिडकीपासून तिसरी जी होती, तिच्यावर कुणी बसत नसे. ती लेफ्टनंट लेल्यांची. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाईवर निघण्याआधी ते तिथे शेवटचं जेवले, आणि परत आले नाहीत. वय सव्वीस. कमिटीने ठरवलं की त्यांची खुर्ची रिकामी राहील. नाव लावायचं नाही हा नियम होताच, तेव्हा ती जागा हीच तिची ओळख झाली. बाकीच्या त्रेसष्टांत आणि तिच्यात परक्याला काडीचा फरक दिसला नसता.

दर डिसेंबरात एक दुपार ठरलेली असे. लेल्यांच्या पत्नी माधवीबाई जेवायला येत. पांढऱ्या किंवा फिकट साडीत, हातात कापडी पिशवी, येताना मुदपाकखान्यातल्या माणसांसाठी चिवडा आणत. रिकाम्या खुर्चीच्या शेजारी बसत, हळूहळू जेवत, जाताना त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत आणि निघून जात. पहिल्या वर्षी सावळारामांना कळलं की बाई भिवंडीच्याच. ब्राह्मण आळीत माहेर, नवरा गेल्यावर तिथेच परत आल्या, शाळेत शिक्षिका झाल्या, लेकींसारख्या हजार मुली शिकवल्या. पण भिवंडीच्या बाजारात समोरासमोर आले तरी सावळाराम फक्त मान लववून पुढे जात. क्लबातली ओळख क्लबात. बाईंनाही ते समजायचं, आणि त्याबद्दल त्यांना या माणसाचं कौतुक वाटायचं.

सावळारामांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि क्लबाच्या इमारतीचं दुखणं निघालं. तुळया पोखरलेल्या, छत गळकं. दोन वर्षं दुरुस्ती चालणार, तोवर शंभर वर्षांचं सामान ठेवायचं कुठे? क्लबाचे सचिव कमांडर धनेश स्वतः निवृत्त अधिकारी, भला माणूस, पण डोक्याला हात लावून बसलेले. त्यांनी सावळारामांना फोन केला. सावळाराम म्हणाले, "साहेब, गोदामांच्या गावात राहतो मी. आमच्याकडे सगळ्या दुनियेचं सामान येऊन पडतं, आपलंही पडेल. माझा पुतण्या एका गोदामात सुपरवायझर आहे. एक चमचा हलणार नाही, माझा शब्द."

मानकोली नाक्यावरून क्लबाचे सात ट्रक वळ गावाकडे वळले, तेव्हा सावळाराम पहिल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले होते. पॅकिंग त्यांनी उभं राहून करून घेतलं होतं. खिडकीपासूनची तिसरी खुर्ची त्यांनी स्वतः उचलली. तिच्यावर खूण तर करायला हवी, आणि नियम तर मोडायचा नाही. मग त्यांनी क्लबाच्याच जुन्या नॅपकिनची एक पट्टी फाडली आणि खुर्चीच्या मागच्या पायाला बांधली. सोडली की संपलं. लाकडावर ओरखडा नाही.

पुढे जवळपास पावणेदोन वर्षं ते दर पंधरा दिवसांनी गोदामात चक्कर मारत. खोकी मोजत, ताडपत्रीखाली हात घालून दमटपणा बघत. मग यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चार महिने घराबाहेर पडणं बंद झालं. नेमकी त्या चार महिन्यांत गोदामाच्या त्या कोपऱ्यात वाळवी दिसली.

पुतण्याचं नाव भावेश. कामाला वाघ. वाळवी दिसल्या दिवशी त्याने क्लबाचं सगळं लाकूडसामान उघडलं, औषध मारलं, उन्हात वाळवलं, खुर्च्यांना पॉलिश करून घेतलं आणि मापाप्रमाणे एकावर एक रचून नवीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. वरून गोदामाचं स्वतःचं लेबल. काकांच्या कानावर मुद्दाम घातलं नाही, बरे होऊन येतील तेव्हा बघून खूश होतील म्हणून.

नोव्हेंबरात सावळाराम काठी टेकत गोदामात आले. क्लब उघडायला तीन आठवडे राहिले होते. भावेशने प्लास्टिक बाजूला केलं. चौसष्ट खुर्च्या अशा चकाकत होत्या, जशा सावळारामांनी अडतीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या. त्यांनी पहिल्या खुर्चीचा मागचा पाय पाहिला, दुसरीचा पाहिला, मग काठी सोडून भिंतीचा आधार घेतला.

"भावेश, पट्टी कुठं हाय?"

"कनची पट्टी?"

"पांढरी. पायाला बांदलेली."

"ती व्हय? ती काढली ना काका. जुना लेबल ठेवायचा न्हाय, हा तर पयला रूल हाय आपला. जुना लेबल राहिला ना, का माल चुकीच्या गारीत चढला म्हणून समजा. मी पोरांना सांगून ठेवलंय, यक चिंधी दिसली न्हाय पायजे."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते हेच. भावेशचं चुकलं तरी कुठे? गोदामात दिवसाला दहा हजार खोकी येतात आणि जातात. तिथे जुनी खूण म्हणजे घोटाळा. सारखं सारख्यात ठेवायचं, जुनं पुसायचं, नवं चिकटवायचं, यावर ते गाव पोट भरतं. काकांनी भिंतीला टेकूनच ती पट्टी कसली होती ते सांगितलं. तेव्हा भावेश तिथेच उकिडवा बसला आणि डोकं धरून म्हणाला, "मला का न्हाय सांगितलात काका?"

सावळारामांनी खाली पडलेली काठी उचलली. सांगितलं नव्हतं, कारण क्लबातलं बाहेर सांगायची सवय नव्हती. बाईंचं दुःख हे क्लबातलं होतं. आपल्या चांगल्या गुणानेच आपल्याला गोत्यात आणलं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं आणि फार लागलं.

दुसऱ्या दिवशीपासून ते खुर्ची शोधायला लागले. कशी शोधणार? हातांनी. ती खुर्ची कुणासाठी ओढायची नसे, पण झाडलोट होताना रोज सकाळी ते स्वतः तिला मागे घेत आणि परत जागेवर ठेवत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ओढताना ती किंचित डावीकडे जायची. पाठीच्या वरच्या पट्टीला हात घातला की अंगठ्याखाली लाकडातली एक बारीक गाठ लागायची. एवढंच भांडवल. पण क्लबात लाकडी जमीन होती आणि गोदामात सिमेंटचा कोबा. कोब्यावर सगळ्याच खुर्च्या खरवडत होत्या. भावेशने कुठूनशी प्लायवूडची फळकुटं आणून अंथरली, आणि सावळाराम एकेक खुर्ची ओढायला लागले. ओढायची, थांबायचं, डोळे मिटून पट्टीवर अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायची.

गोदामातल्या हमालांना हा फुकटचा तमाशा झाला. त्यांच्यातला एक जण जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "चाचा, कौन सी कुर्सी में सोना छुपा के रखा है?" सावळारामांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो दुपारनंतर स्वतःहून खुर्च्या उचलून द्यायला आला.

तीन दिवस चाललं हे. गुडघा सुजला. पॉलिशच्या थराने गाठी बुजल्या होत्या. पहिल्या दिवशी चौसष्टांच्या वीस झाल्या, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी दोन. त्या दोनच्या पुढे हात जाईना. एक ओढली की हीच वाटे, दुसरी ओढली की पहिली नव्हती वाटे.

त्या संध्याकाळी धनेशसाहेबांचा फोन आला. सावळारामांनी लपवलं नाही. साहेब सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अहो, एवढ्याचं काय मनाला लावून घेता? दोनातली एक तिथे ठेवा. तुम्ही बोट दाखवाल ती लेल्यांची खुर्ची. तुमच्या शब्दावर शंका घेणारा माणूस क्लबात जन्माला आलेला नाही."

नेमकं हेच तर दुखत होतं. शंका घेणारा कुणी असता तर सोपं होतं. सावळारामांनी "मी सांगतो तुम्हाला" म्हणून फोन ठेवला. साहेबांचा खणखणीत आवाज फोनबाहेर येत होता, आणि रंगूबाईंनी भाकरी थापता थापता सगळं ऐकलं होतं. अडतीस वर्षांत त्यांच्या कानावर आलेली क्लबातली ही पहिली गोष्ट.

"साह्यब बरोबर बोलतात," त्या म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारी बाय ईल, हात ठेवील, समाधानानं जाईल. इतकी वर्सं त्वांड झाकून ठेवलंत, अजून यकदा झाका."

सावळारामांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तवा खरं झाकत व्हतो ग. आता खोटं झाकायचं हाय. त्या बाय हात ठेवतील ना, तवा मी तिथं उभा ऱ्हाऊ कसा?"

रंगूबाईंनी सकाळी नवऱ्याचा क्लबातला जुना पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला.

ब्राह्मण आळीतल्या त्या घरासमोर सावळाराम आयुष्यात पहिल्यांदा उभे राहिले. मागच्या गल्लीतून लूमचा खटखटाट येत होता. दार माधवीबाईंनीच उघडलं. शहात्तरीला आलेल्या, चष्मा जाड झालेला, पाठ मात्र अजून वर्गावर उभी असल्यासारखी ताठ. त्यांनी बसा म्हणायच्या आत सावळारामांनी सांगून टाकलं. खुर्ची हरवली. पट्टी बांधली होती, ती निघाली. चूक माझी, मी कुणाला सांगून ठेवलं नाही. दोनांपर्यंत आलोय, त्यातली कोणती ते मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. साहेब म्हणतात एक ठेवून द्या, पण तुम्हाला न विचारता मी ते करणार नाही.

एवढं सलग ते आयुष्यात कुणापुढे बोलले नव्हते. बाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला, ते पीत असताना आत जाऊन चपला घातल्या आणि कुलूप हातात घेऊन बाहेर आल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "मला दाखवा."

रिक्षा वळच्या रस्त्याने निघाली. कंटेनरांच्या रांगांतून वाट काढत अर्धा तास लागला. सावळारामांना वाटत होतं, या बाईंच्या मुठीत एवढीशी गोष्ट उरली होती, तीही आपण घालवली.

गोदामाच्या भल्यामोठ्या शेडमध्ये छपरापर्यंत खोकी रचलेली. मिक्सर, चपला, लहान मुलांचे डायपर. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत फळकुटांवर दोन सागवानी खुर्च्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, आणि बासष्ट मागे रांगेत. भावेश शर्टाची बटणं लावत पुढे आला, वाकून बाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाय, पट्टी मी काढायला लावली. काकांचा दोष न्हाय."

बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या दोन खुर्च्यांजवळ गेल्या. पण पाठीवर हात नाही ठेवला. खाली वाकून वरच्या पट्टीची मागची, आतली कड बघितली. पहिलीची बघितली, दुसरीची बघितली, आणि सरळ झाल्या.

"यातली कुठलीच नाही," त्या म्हणाल्या.

सावळाराम मागच्या रांगेकडे वळले.

"आणि त्या बासष्टांतही नसेल. सावळाराम, त्यांची खुर्ची अठ्ठ्याहत्तर सालीच गेली. तुम्ही क्लबात यायच्या तीन वर्षं आधी. लग्नानंतर त्यांनी मला पत्रात लिहिलं होतं, खुर्चीच्या पाठीला मागून सिगारेट लागली, काळा डाग पडला, बटलरने पाहिलं तर माझी खैर नाही. पहिली काही वर्षं मी जायचे ती त्या डागावर बोट ठेवायला. अठ्ठ्याहत्तरला गेले तर डाग नव्हता. तेव्हाचे बटलर पास्कल होते, वसईचे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, पॉलिश केलं बाई. पण लाकूड जळलेलं कुठे पॉलिशने जातं? खुर्ची मोडली असणार, आणि बिचाऱ्यांनी दुसरी आणून ठेवली असणार. खोटं बोलताना त्यांचा चेहरा इतका रडवेला झाला होता, की मीच त्यांना म्हटलं, छान झालंय हो पॉलिश."

शेडमध्ये कुठेतरी खोकी ओढल्याचा आवाज येत होता, तो भावेशने हात करून थांबवला.

सावळाराम एक पाऊल पुढे आले. "मग बाई, तुम्ही इतकी वर्षं कशासाठी येत होतात?"

"पुढच्या वर्षी जाणारच नव्हते. पण सवय. असंच पाच-सहा वर्षं गेले. मग तुम्ही वाढायला लागलात." माधवीबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. "तुम्हाला माहीतही नसेल तुम्ही काय करत होतात. तुम्ही ट्रे घेऊन खिडकीकडून यायचात. आधी त्यांच्या खुर्चीशी थांबायचात. वाकायचात. माणसाने वाढून घ्यावं इतका वेळ थांबायचात आणि मगच माझ्याकडे यायचात. आमटीला थांबायचात, भाताला थांबायचात, शेवटी खिरीलासुद्धा."

सावळाराम गोंधळले. "ती... ती पद्धतच असते बाई. खिडकीकडून सुरुवात करायची, एकही खुर्ची गाळायची नाही. गाळली की पुढचा सगळा क्रम चुकतो."

"असेल पद्धत. पण घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. मला त्रास होईल म्हणून. आई-वडील गेले तोवर कुणी काढलं नाही. सबंध वर्षात ती एकच दुपार होती, की कुणीतरी आधी त्यांना विचारायचं आणि मग मला. मी तेवढ्यासाठी यायचे. तुम्ही निवृत्त झालात, त्यानंतर मी दोनदाच गेले. नवीन मुलं चांगली आहेत, चटपटीत आहेत. ती थेट माझ्याकडे येतात."

अडतीस वर्षं क्लबातल्या सगळ्यांची गुपितं पोटात ठेवणाऱ्या माणसाला स्वतःविषयीची ही एक गोष्ट ठाऊक नव्हती. भावेशने तोंड फिरवलं.

"खुर्ची यातली कुठलीही ठेवा," बाई म्हणाल्या. "मी साहेबांना सांगेन तसं. पण डिसेंबरात मी येईन ती तुम्ही वाढणार असाल तरच. गुडघा जमेल का?"

"येतो," सावळाराम म्हणाले. "गुडघ्याचं बघून घेऊ."

बाई दमल्या होत्या. त्या दोनांतल्या एका खुर्चीवर बसल्या. गोदामात चहाची वेळ झाली होती. भावेश धावत जाऊन कागदी कपांतून चहा घेऊन आला. ट्रे कुठला असायला, पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण होतं. सावळारामांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि प्लायवूडवरून लंगडत पुढे आले. आधी रिकाम्या खुर्चीशी थांबले, वाकले. हमाल कामं सोडून बघत होते. सावळाराम माणसाने कप उचलावा इतका वेळ थांबले. आजवर हे त्यांच्या हातून नकळत होत होतं, आज पहिल्यांदा ते कळून करत होते. झाकण कललं आणि चहा पुठ्ठ्यावर सांडला. अडतीस वर्षांत कुणापुढे त्यांच्या हातून थेंब सांडला नव्हता. ते ओशाळून बाईंकडे वळले.

माधवीबाई त्या ओल्या पुठ्ठ्याकडे बघत होत्या.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांचा पण नेहमी सांडायचा."